वसंतातील शिवारफेरी

रब्बीचे खळे आटोपले की शिवार रिकामे झाले, असे समजण्याची रीत आहे. गहू-हरभरा घरात आला, ज्वारीच्या कडब्याची गंजी रचून झाली. मग शेतात पाहण्यासारखे काय उरले, असा प्रश्न केला जातो. वस्तुतः फाल्गुन-चैत्रातच शिवार सर्वांत अधिक जागे असते. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पानगळ होऊन फुलतात आणि त्यांतील मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल व शिंजीर यांची सकाळपासून वर्दळ सुरू होते. ही वर्दळ पाहत तासभर हिंडणे हा रिकामपणाचा उद्योग होय, हा समज शेतकरी बांधवांनी सोडून द्यावयास हवा.

पाखरे म्हणजे पिकाचे चोर, हा अनुभव खोटा नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर माळ्यावरून गोफण फिरविणाऱ्यास पाखरांचे गुणगान रुचणार नाही. तथापि हिशेब दोन्ही बाजूंचा मांडला पाहिजे. उन्हाळी नांगरट चालू असता साळुंक्या व गायबगळे तासामागून चालत येतात, ते मातीतून वर आलेल्या अळ्या व कोश टिपण्यासाठी. कोतवाल तारेवर बसून उडते किडे धरतो, चास नाकतोडे उचलतो, हुदहुद लांब चोचीने जमिनीतील किडे उकरून काढतो, तर रात्री गव्हाणी घुबड उंदरांचा समाचार घेते. दाणे खाणारी चिमणीदेखील आपली पिल्ले प्रामुख्याने किड्या-अळ्यांवर वाढविते.

एकाच बाजूचा हिशेब मांडल्याने काय होते, याचे उदाहरण चीनने घालून दिले आहे. तेथे १९५८ साली उंदीर, माश्या व डास यांच्याबरोबर चिमण्यांच्याही संहाराची मोहीम काढण्यात आली. चिमण्या गेल्या, परंतु त्यांच्या अभावी किडींचे फावले. अखेर १९६० साली उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

फुलपाखरांच्या बाबतीतही डोळसपणा हवा. संत्रा-मोसंबीच्या कोवळ्या पालवीवर पिवळ्या-काळ्या नक्षीचे फुलपाखरू घिरट्या घालताना दिसले, तर ते अंडी घालीत आहे, हे बागाइतदाराने ओळखावे. त्याची अळी प्रथम पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि रोपांची पाने फस्त करते. रोपवाटिकेत ती वेळीच हाताने वेचली, तर फवारणीचा खर्च वाचतो. उलट बांधावरील रुईवर वाढणारे नारिंगी फुलपाखरू व बहाव्यावर वाढणारे फिकट पिवळे फुलपाखरू यांचा पिकास काहीच उपद्रव नाही. शत्रू कोण व निरुपद्रवी कोण, हे ओळखता येत नाही, तेव्हाच सरसकट औषध मारले जाते. आणि त्यात मधमाश्या व परभक्षी कीटकही मरतात.

खेदाची गोष्ट अशी की, याच ऋतूत बांध पेटविण्याचा प्रघात आहे. बांध स्वच्छ दिसतो खरा. परंतु टिटवी, तित्तिर व चंडोल हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. टिटवीचा विणीचा हंगाम तर मार्चच्या सुमारास सुरू होतो. एका काडीने गवताबरोबर घरटी जळतात, फुलपाखरांचे कोश जळतात, पळसाची कोवळी रोपे होरपळतात आणि जमिनीस मिळावयाचा सेंद्रिय अंशही राख होऊन उडून जातो. ज्याने किडीवर फुकट पहारा केला असता, त्याला हाकलून द्यावयाचे आणि मग दुकानातून औषध विकत आणावयाचे, हा व्यवहार किफायतीचा म्हणता येणार नाही.

यास्तव वाळलेले गवत कापून कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. बांधावरील पळस, पांगारा, बाभूळ ही झाडे निव्वळ सावली पडते म्हणून तोडू नयेत. सावलीचा त्रास होत असल्यास फांद्या छाटाव्यात. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आठवड्यातून एकदा, उन्हे चढण्यापूर्वी, मुलाबाळांसह शिवारफेरी करावी. कोणते पाखरू कोठे बसले, काय टिपीत होते, कोणत्या झाडावर कोणती अळी आढळली, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. अशी दोन-चार वर्षांची वही घरात असली, म्हणजे आपल्या रानातील किडी केव्हा येतात व त्यांना आवर कोण घालतो, हे दुसऱ्यास विचारीत बसावे लागणार नाही.