जुना संगणक घेताना

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली आम्हांकडे आली. कन्येस महाविद्यालयासाठी लॅपटॉप हवा होता. गाठीस दूध विकून साठविलेले 15,000 रुपये. नवा मिळणे अशक्यच. तेव्हा आम्ही तिघे महूहून इंदुरास, सिल्व्हर मॉलमधील संगणकांच्या दुकानांत गेलो. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दुरुस्त होऊन अशा बाजारांत येतात.

एका दुकानदाराने 9,000 रुपयांत चकचकीत यंत्र पुढे केले. माउलीचा हात पिशवीकडे गेलाही! आम्ही प्रोसेसरची पिढी विचारली. ती सहावी निघाली. वाचकहो, फसगत होते ती येथेच. ‘विंडोज 10’चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि ‘विंडोज 11’ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा तरी लागतो. जुन्या यंत्रावर लिनक्स विनामूल्य चालते हे खरे. परंतु कन्येच्या अभ्यासक्रमास विंडोजच आवश्यक होते.

अखेर आठव्या पिढीचा लॅपटॉप 13,500 रुपयांस ठरला. बॅटरीवर अर्धा तास चालवून पाहिला, हमीची मुदत पावतीवर लिहून घेतली. दुकानदार कंटाळला, कंटाळो बापडा. परतीच्या बसमध्ये माउलीने तो मांडीवरून खाली ठेवला नाही.