विजेतेपद महाविद्यालयाचे, पुढचे तिकीट कोणाचे?

अमेरिकेत दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात महाविद्यालयीन बेसबॉलच्या ‘कॉन्फरन्स’ अजिंक्यपद स्पर्धा होतात. कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांनी एकत्र येऊन स्थापन केलेला गट. बहुतेक गटांच्या स्पर्धेतील विजेत्याला ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो आणि ओमाहा येथील ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’चा मार्ग खुला होतो. हंगामभर अडखळत खेळलेल्या संघालाही चार दिवसांत नशीब पालटता येते, हेच या स्पर्धांचे आकर्षण.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाने ते सिद्ध केले. आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत आलेल्या या संघाला प्राथमिक गटात चौथे, म्हणजे अखेरचे मानांकन होते. तरीही त्याने अंतिम लढतीत जॉर्जियाला नमवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. फ्रेस्नो हा द्राक्षे आणि संत्र्यांच्या बागांचा शेतीप्रधान परिसर, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

कारण संत्री आपल्या सावनेरचीही ओळख आहे. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील या तालुक्याच्या गावातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. समजा, येथील एखाद्या महाविद्यालयाने बेसबॉलचे आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, तर पुढे काय? चषक प्राचार्यांच्या दालनात जाईल आणि संघ तेथेच विसर्जित होईल. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाविद्यालय खेळत नाही, विद्यापीठ खेळते. निवड समिती विविध महाविद्यालयांतील खेळाडू वेचून संघ बांधते. विजेत्या संघातील दोघे-तिघे ‘कलर होल्डर’ होतील, उरलेल्यांचा हंगाम संपेल.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. दुबळ्या महाविद्यालयातील गुणी खेळाडूला तिच्यामुळे संधी मिळते. अमेरिकी पद्धतीत तो आपल्या संघाबरोबरच बाद झाला असता. शिवाय बेसबॉलचा संघ उभारणे स्वस्त नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करताना एकट्या यष्टिरक्षकाला हातमोजे लागतात. बेसबॉलमध्ये नऊही क्षेत्ररक्षकांना. त्यात कॅचरचा मुखवटा, छातीचे कवच आणि फलंदाजांची शिरस्त्राणे धरली, तर लहान महाविद्यालयाच्या क्रीडा निधीचा मोठा वाटा एकाच खेळात संपतो. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर अंतर आखता येईल, असे मोकळे मैदानही हवे.

मात्र नेमके येथेच दुष्टचक्र सुरू होते. संघाला पुढे वाट नाही, म्हणून महाविद्यालय खर्च करीत नाही. खर्च नाही म्हणून संघ घडत नाही आणि संघच नसल्याने निवड समितीसमोर खेळाडू मोजकेच येतात. २००८ मध्येच ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोघा तरुणांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. दोघेही मूळचे भालाफेकपटू होते. बाहूंतील बळ आपल्याकडे आहे, परंतु ते बेसबॉलच्या मैदानापर्यंत नेणारी व्यवस्था नाही, हाच त्याचा अर्थ.

या खेळाला सरकारी पाठबळही मर्यादितच लाभले. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेतील १७ खेळांत बेसबॉल नव्हता. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेटबरोबरच बेसबॉल-सॉफ्टबॉललाही स्थान दिले. क्रिकेटच्या पुनरागमनाचा आपल्याकडे गाजावाजा झाला. त्याच निर्णयातील बेसबॉल मात्र फारसा कुणाच्या ध्यानी आला नाही.

अमेरिकेची नक्कल करण्याचे कारण नाही. तेथे विद्यापीठे आणि प्रक्षेपण कंपन्यांचा पैसा आहे, तो आपल्याकडे येणार नाही. परंतु विद्यापीठ संघाची निवड कायम ठेवूनही शेजारच्या विद्यापीठांच्या विजेत्या महाविद्यालयांची एक छोटी स्पर्धा भरवता येईल. नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विजेते महाविद्यालयीन संघ एका मैदानावर आले, तरी विदर्भापुरती कॉन्फरन्स उभी राहील. त्यासाठी नवा कायदा नको, तीन क्रीडा विभागांची सहमती पुरे. विजेत्या संघाला आणखी एक सामना खेळायला मिळणे, ही खेळ वाढण्याची पहिली अट आहे.