कोळी आधी पाहावा, मग वाचावा

साहित्याच्या वर्गात कोळी जाळ्याशिवाय येत नाही आणि ते जाळेही मायेचे, मोहाचे किंवा व्यवस्थेचे असते. अंबाजोगाईत मीही अनेक वर्षे असेच शिकवत आलो. एकदा अशीच एक प्रतिमा उलगडून दाखवत असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सगळे कोळी जाळं विणत नाहीत. आमच्या कापसातले पानावर दबा धरतात अन् झडप घालतात." तिचे म्हणणे खरे होते. पायांवर ताठ काटे असलेले ते लिंक्स कोळी पिकावरची कीड खातात आणि फवारणीत किडीबरोबर मरतात. मी मात्र तोवर कोळी पाहिलाच नव्हता, फक्त वाचला होता.

तेव्हापासून पावसाळा सरत आला की घरामागच्या जास्वंदीपाशी थांबतो. तिथे सिग्नेचर स्पायडरची मादी जाळ्याच्या मध्यभागी, डोके खाली करून बसते. आठ पाय जोडीजोडीने जुळवून ती फुलीचा आकार धरते आणि त्याच रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण घालते. ही 'सही' भक्ष्याला भुलवण्यासाठी की पक्ष्यांना सावध करण्यासाठी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. जवळच कडेला बसलेला नर इतका लहान, की मी त्याला दुसरीच जात समजलो होतो. या कोळ्याच्या एका भारतीय जातीचे शास्त्रीय नाव 'आर्जिओपी अनसूजा' आहे. ते वाचताच शाकुंतलातली अनसूया आठवली, हा माझ्या पेशाचा दोष!

'स्वतःच विणलेल्या जाळ्यात अडकलेला कोळी' ही आपली आवडती प्रतिमा. प्रत्यक्षात चाकासारख्या जाळ्याचे आरे कोरडे असतात. चिकट असतो तो गोल फिरणारा धागा. कोळी बहुतेक आऱ्यांवरूनच वावरतो. म्हणजे विणणाऱ्याला वाट ठाऊक असते, अडकतो तो पाहुणा. व्यवस्थेविषयी बोलताना हा भेद किरकोळ आहे काय?

कविता म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे, हे मान्य. पण मुंडकोपनिषदात ऊर्णनाभीचा दृष्टान्त आहे: तो धागा आपल्यातूनच काढतो आणि परत आपल्यातच घेतो. बागेतले कित्येक कोळी संध्याकाळी जाळे विणतात आणि पहाटे ते खाऊन टाकतात. हा दृष्टान्त पाहण्यातून आला असावा, असे मला वाटते. आपण मात्र पूर्वसुरींचे पाहणे उसने घेऊन काम भागवतो. जळमट, कोळिष्टक हे आपले नेहमीचे शब्दही केरसुणीच्या बाजूने घडलेले आहेत. बागेतल्या जिवंत, रोज नव्या जाळ्याला त्यांत जागा नाही.

बी. के. टिकादर यांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक 1987 साली आले. ते आणि साधे भिंग एवढ्यावर हौशी माणसाचे बरेच भागते. तरीही अनेक कोळ्यांची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही; वहीत केवळ 'चाकाचे जाळे, तपकिरी, रात्री जागा' असे लिहून थांबावे लागते. नाव देण्याची घाई आवरून वर्णन करत राहणे ही शिस्त समीक्षेलाही हवी आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण शेतातून वर्गात येतात. त्यांनी पाहिलेले दाराबाहेर ठेवायला आपणच शिकवतो, आणि मग त्यांच्या उत्तरपत्रिकांत अनुभव नाही म्हणून हळहळतो.