म्यूट केलेली पाठशाळा

आपल्या रविवारच्या ऑनलाइन पाठशाळेचं कौतुक मी खूप ऐकते. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल अशी पांगलेली आपली घरं. मोबाइलमुळे मुलं एकत्र आली म्हणे. मला नाही तसं वाटत. पडद्यावर चौकोन एकत्र आले, एवढंच.

मागच्या चातुर्मासात एक मुलगी सलग तीन रविवार आली नाही. ती कुठे आहे, असं एकाही मुलानं विचारलं नाही. विचारणार कसं? तिचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. मी घरी फोन केला तेव्हा कळलं, मोबाइल एकच आणि भावाची शिकवणी त्याच वेळेला. "तिचं काय, पाठशाळाच तर आहे," आई म्हणाली.

१ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणात सरकारी शाळांचे धडे दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅटवरून सुरू झाले. शाळा बंद होत्या, धडा घरी पोचवणं हीच निकड होती. टीव्हीला उलट प्रश्न विचारता येत नाही, हे मान्य. पण आज आपल्या हातातलं साधन दोन्हीकडून बोलतं, तरी आपण त्याचा टीव्हीच केला. वर्ग सुरू होतो तो "सगळ्यांनी म्यूट करा" या आज्ञेनं.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत. वाचनेनंतर लगेच येते पृच्छना, म्हणजे विचारणं. आपली पाठशाळा वाचनेपाशीच थांबते.

"गोंगाट होतो, वेळ जातो," असं सांगतात. जाऊ दे की! कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, कामं वाटून घेऊन एका पंगतीत जेवली. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ती मुलं एकमेकांची झाली ती नुसत्या पाठांतरानं नव्हे. पडद्यावर पंगत मांडता येत नाही, पण कामं वाटता येतात.

प्रत्येक मुलाला एक सोबती द्या. सोबती आला नाही तर यानं फोन करायचा, राहिलेला धडा यानंच सांगायचा. पाच-पाच जणांचे गट करा, त्यांना आपसात बोलू द्या, चुकू द्या.

आणि भगिनींनो, पडद्याआडून उत्तरं पुटपुटणं आधी आपण थांबवू या. मुलीच्या पाठशाळेच्या वेळेला मोबाइल मुलीच्याच हातात राहील, एवढा शब्द घरात चालवू या. साधर्मी वात्सल्य म्हणून आपण हौसेनं जेवणं घालतो. न आलेल्या लेकराची चौकशी करणंही वात्सल्यच आहे.

येत्या रविवारी हजेरी मुलांनाच घेऊ द्या. कोण आलं नाही हे त्यांना नावानिशी सांगता येतं का, ते बघा.