घरपोंच अन्न आणि ग्राहकाचें समाधान

मुलुंडच्या पूर्वेस वा पश्चिमेस, सायंकाळीं आठच्या सुमारास कोणत्याही हमरस्त्यावर क्षणभर उभें राहावें. पाठीस चौकोनी पेटी बांधून दुचाकीवरून धांवणारे तरुण मोजतां मोजतां पुरेवाट होते. पाहुणे अवचित आले, परीक्षेचे दिवस आले, कीं मोबाईलवर बोट फिरवावें आणि अर्ध्यापाऊण तासांत जेवण दारीं यावें, हा आतां आमच्या संसाराचा परिपाठ झाला आहे. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. लोकलच्या गर्दींतून दमून परतणाऱ्या मातेस ही सोय म्हणजे चैन नव्हे. आमचा आक्षेप त्या जेवणानंतर दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांवर आहे.

जेवण होतें न होतें तोंच प्रश्न येतो, समाधान झालें काय? आपण चार वा पांच तारे देऊन मोकळे होतों, आणि दुसरा ग्राहक ते पाहून त्याच स्वयंपाकघरावर विश्वास टाकतो. परंतु हे तारे मोजतात काय? चव, ऊब आणि घड्याळ. साल्मोनेला नांवाचे जंतु पोटांत गेल्यावर बाधा होण्यास बहुधा सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत अवधि लागतो. तारे मात्र हात धुण्यापूर्वींच दिलेले असतात! भाताचें उदाहरण तर प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें. तांदळांत बॅसिलस सीरियस जातीच्या जंतूंचीं बीजें असूं शकतात व तीं शिजविल्यानेंही मरत नाहींत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला कीं जंतु वाढतात, आणि त्यांनीं निर्माण केलेलें वांतिकारक विष पुन्हां परतल्यानें जात नाहीं. अशा भाताचा वाफाळता, खमंग पुलाव कोणास चार ताऱ्यांहून कमी वाटेल?

दूरवर अन्न पोंचविण्याची विद्या मुंबईस नवी नाहीं. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं आरंभिलेला डबेवाल्यांचा व्यवसाय आजही चालू आहे. उपनगरांतील घरांतून सकाळीं निघालेला डबा झांकणावरील खुणांच्या आधारें लोकलनें फोर्टांतील कचेरींत दुपारच्या सुटीपर्यंत पोंचतो. हें अन्नही तीन-चार तास कोमटच असतें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण डबा भरणारी गृहिणी काय टिकेल व काय आंबेल याचा विचार करूनच भाजी निवडते. खाणारा तिच्याच घरचा असतो, आणि न संपलेला डबा सायंकाळीं तिच्याच हातीं परत येतो. त्या परत आलेल्या डब्याइतका चोख अभिप्राय कोणत्याही ताऱ्यास देतां येणार नाहीं.

आज रांधणारा व खाणारा परस्परांस ओळखत नाहींत. म्हणून २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानें प्रत्येक अन्नव्यवसायास परवाना वा नोंदणी आवश्यक केली. त्याचा चौदा आंकडी क्रमांक भोजनगृहाच्या नांवाखालीं दिलेला असतो. तो वाचण्याचे श्रम आपल्यापैकीं किती जण घेतात? २०१८ सालीं सरकारी प्राधिकरणाच्या आदेशानंतर झोमॅटो, स्विगी आदि कंपन्यांस दहा हजारांहून अधिक भोजनगृहें यादींतून काढावीं लागलीं. परवाना नसतांनाही तारे मिळविण्यास त्यांस कांहीं अडचण पडली नव्हती.

आणि राग निघतो तो कोणावर? पावसांत निथळत चौथा मजला चढून आलेल्या तरुणावर. बंद पुडक्यांत काय आहे हें त्यास ठाऊक नसतें, तरी दहा मिनिटांच्या उशिराबद्दल त्याचा तारा कापणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. कोंबडी आंतपर्यंत शिजली होती काय, हें मात्र त्यांनीं कोणासच विचारलें नाहीं.

आमची सूचना अशी. कंपन्यांनीं प्रश्न दोनदां विचारावा, एकदां जेवणानंतर, आणि पुन्हां दोन दिवसांनीं, "कोणास बाधलें तर नाहीं ना?" हीं दुसरीं उत्तरें कंपनीच्या दप्तरांत न राहतां राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावींत. पैसे परत मिळविण्यासाठीं कोणी खोटी पोटदुखी सांगेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण एकाच रात्रीं एकाच स्वयंपाकघरांतून जेवलेल्या, परस्परांस न ओळखणाऱ्या पांच घरांत तीच पोटदुखी निघाली, तर तिला खोटी म्हणणें कंपनीसही जड जाईल.