सुट्टीचा रोज

आषाढात बेंदूर आला की सातारा-सांगलीकडच्या गावांत बैलाच्या खांद्यावरचे जू उतरते. त्या दिवशी त्याला काम नसते, आणि पोटभर पुरणपोळी असते. सालगड्याचेही पूर्वी असेच होते. जत्रा, सणवार त्याच्या सालातच धरलेले असत. ती व्यवस्था चांगली होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. उचलीच्या कर्जात कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या अडकली. पण मजुरी रोजावर आणि पुढे तासावर आली, तेव्हा सणाचा खर्च गुपचूप मजुराच्या अंगावर पडला. दुकान मालकाने बंद ठेवायचे आणि खाडा मात्र कामगाराचा, ही रीत तेव्हापासूनची.

सुट्टीच्या मागणीचे नातेही याच भागाशी आहे. महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. १० जून १८९० रोजी रविवार मिळाला. मात्र सुट्टी मिळणे वेगळे आणि सुट्टीचा पगार मिळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला अर्धशतक लागले. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा करार केला, १९३८ मध्ये ब्रिटनने कायदा केला, आणि आपल्या कारखान्यांत १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर राबलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. फक्त कारखान्यांत, हे विसरू नये.

दुकानांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला ८ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवायचे चार सण. पण तो १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता केला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मंजुरी दिली. साताऱ्यातले कंदी पेढ्यांचे दुकान, विट्यातला चार मागांचा कारखाना, सांगलीतले भडंगाचे दुकान यांत २० माणसे कुठून असणार? ज्याला सुट्टीच्या पगाराची सर्वांत जास्त गरज, तोच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिला. हे मला अन्यायाचे वाटते.

‘आमचा धंदा लहान, आम्हाला परवडत नाही’ हे उत्तर खोटे नसते. पण त्यावरचा उपायही याच मातीतल्या माणसाने शोधला होता. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची संघटना बांधत होते. त्या हमालाला ठरलेला एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. मग सुट्टीचा पगार कोण देणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने तोड काढली. प्रत्येक मालकाने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून रजेचा, सुट्टीचा पगार आणि भविष्य निर्वाह निधी सांभाळायचा. एकट्या पेढीला जड जाणारा भार सगळ्या बाजाराने मिळून उचलला. आज त्या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, लेव्ही चुकवणारेही आहेत. तरी मूळ कल्पना खरी आहे. बेदाणा निवडणाऱ्या, हॉटेलात तासावर भांडी घासणाऱ्या बायांसाठी व्यापारी संघांनी ती का उचलू नये?

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगा हिशेबही सोपा आहे. किमान वेतनात महिन्याची रक्कम २६ ने भागून रोजाचा दर काढतात, म्हणजे आठवड्याची सुट्टी त्या दरात आधीच आलेली असते. राहिले सणाचे दिवस. जी बाई रोज पाच तास येते तिला १५ ऑगस्टचे पाच तास द्यावेत. जिचे तास बदलतात, तिचे मागच्या महिन्याच्या हजेरीवरून सरासरी तास काढावेत. दुकान उघडे ठेवून त्या दिवशी काम करून घेतले, तर दुप्पट द्यावे.

सातारा-सांगलीच्या दुकानदारांनो, निदान कायद्यातल्या त्या चार ठरलेल्या दिवसांचा रोज यंदापासून हजेरीपुस्तकात लिहा, आणि त्यापुढे खाडा मांडू नका.