बिघाडाला प्रश्न विचारा

एखादे यंत्र अडले की दोन तऱ्हेची माणसे पुढे येतात. एक म्हणतो, "हा भाग बदला, तो साफ करा, बघू या चालते का." दुसरा म्हणतो, "थांबा. ते केव्हा अडते आणि केव्हा अडत नाही, ते आधी पाहू." पहिला माणूस कधी कधी काम लवकर उरकतो, परंतु विज्ञानाची रीत दुसऱ्याची आहे. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांत हा दुसरा माणूस घडत नाही, अशी माझी तक्रार आहे. ती मांडण्यासाठी एका जुन्या, लहानशा विमानाची मदत घेतो.

अमेरिकेतील पायपर कंपनीचे 'जे-३ कब' हे दोन आसनांचे विमान. १९४७ पर्यंत अशी सुमारे २० हजार विमाने तयार झाली आणि त्यांतील कित्येक आजही उडतात. पुष्कळ 'कब' विमानांत कॉन्टिनेन्टल कंपनीचे ए-६५ हे इंजीन असते: ६५ अश्वशक्ती, चार सिलिंडर, हवेने थंड होणारे. मूळ विमानात बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पुढचा पंखा हाताने फिरवून इंजीन चालू करायचे. टाकीतले पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. ते किती उरले हे सांगणारी एक तार टाकीच्या झाकणातून वर डोकावते, आणि तिच्या खालच्या टोकाला तरंगणारे बूच असते! आपल्याकडे १९५८ मध्ये प्रथम उडालेले आणि फ्लाइंग क्लबांत शिक्षणासाठी वापरलेले 'पुष्पक' विमानही याच कुळातले. त्याला कॉन्टिनेन्टलचेच ९० अश्वशक्तीचे इंजीन होते.

आता समजा, असे इंजीन अडखळत चालू लागले. रस्त्यावर मोटार अडली तर ती कडेला उभी करता येते. एका इंजिनाच्या विमानाला आकाशात कडा नसते. तेव्हा बिघाड 'गेला' एवढे पुरत नाही. तो कोणता होता हे कळायलाच हवे.

या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. म्हणजे एकूण प्लग ८. त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो दोन. डावा मॅग्नेटो प्रत्येक सिलिंडरमधील एका प्लगला वीज देतो, उजवा दुसऱ्याला. मॅग्नेटो म्हणजे चुंबक आणि वेटोळे यांचा छोटा जनित्र. विद्युत प्रवर्तनाचा जो नियम तुम्ही पुस्तकात वाचता, त्याच्यावरच तो बॅटरीवाचून चालतो. वैमानिकापुढच्या स्विचने दोन्ही, फक्त डावा किंवा फक्त उजवा मॅग्नेटो चालू ठेवता येतो.

हा स्विच म्हणजे प्रश्न विचारण्याचे साधनच आहे. समजा, फक्त उजव्यावर इंजीन सुरळीत चालते आणि फक्त डाव्यावर अडखळते. पेट्रोल, कार्ब्युरेटर, झडपा, दट्टे हे सारे दोन्ही वेळी तेच होते. म्हणजे त्यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला. एका प्रश्नात अर्धे इंजीन निर्दोष सुटले!

दुसरा प्रश्न: चौघांपैकी कोणता सिलिंडर काम करीत नाही? इंजीन थोडा वेळ फक्त डाव्यावर चालवून बंद करतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या नळीवर पाण्याचा थेंब टाकतात. तीन ठिकाणी थेंब चर्रकन उडून जातो. जिथे तो रेंगाळतो, त्या सिलिंडरमध्ये ज्वलन झालेले नाही.

तिसरा प्रश्न: दोष प्लगचा, की त्याच्याकडे येणाऱ्या तारेचा? त्या सिलिंडरचा संशयित प्लग आणि शेजारच्या सिलिंडरचा तसाच प्लग यांची अदलाबदल करतात. बिघाड प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग वाईट. बिघाड आपल्या जागी राहिला तर तार तपासा, नाही तर मॅग्नेटो. आठ प्लग, आठ तारा आणि दोन मॅग्नेटो यांच्या गर्दीतून तीन प्रश्नांत आपण गुन्हेगाराच्या दारात येऊन पोचलो. येथे प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली, हे ध्यानात घ्या. आठही प्लग एकदम बदलले असते आणि त्या धांदलीत सैल तार तात्पुरती बसली असती, तर तीच तार पुढे आकाशात पुन्हा सैल झाली असती.

काही बिघाड तर पुरावाच नाहीसा करतात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बाष्प होते आणि अरुंद जागेतून जाताना हवेचा दाब उतरतो. या दोन कारणांनी तेथील तापमान २० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक खाली येऊ शकते. म्हणून बाहेर सुखद हवा असतानाही, ती दमट असली तर, आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. विमान उतरल्यावर इंजिनाच्या उष्णतेने तो वितळतो आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. प्रश्न विचारायचा तो तेव्हाच. वैमानिक धूर-नळीभोवती तापलेली हवा आत सोडतो. बर्फ नसेल तर इंजिनाचे फेरे थोडे कमी होऊन तेथेच राहतात, कारण उष्ण हवा विरळ असते. बर्फ असेल तर फेरे आधी उतरतात, इंजीन क्षणभर अधिकच खोकते आणि मग फेरे वाढतात. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या खोकण्याला घाबरून उष्ण हवा बंद करील!

आणि 'सगळे ठीक' वाटणारे उत्तरही तपासावे लागते. एका मॅग्नेटोवर आणले की ज्वलन थोडे मंदावते आणि फेरे किंचित उतरतात. ते मुळीच उतरले नाहीत तर आनंद मानू नये. मॅग्नेटो बंद करण्यासाठी स्विचमधून त्याची एक तार इंजिनाच्या धातूला जोडली जाते. ही तार तुटली असेल तर स्विच 'बंद' दाखवतो, पण मॅग्नेटो जिवंतच राहतो. अशा वेळी उभ्या विमानाचा पंखा कोणी सहज फिरवला, तर इंजीन एकाएकी सुरू होऊन त्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून जाणकार मेकॅनिक प्रत्येक पंखा जिवंत आहे असे समजूनच वागतो.

आता शाळेकडे वळू. आपल्या प्रात्यक्षिकात सारी उपकरणे आधीच तपासून मांडलेली असतात. काटा हलला नाही की विद्यार्थी शिक्षकांना हाक मारतो किंवा शेजाऱ्याचे आकडे उतरवतो. बिघाड म्हणजे लाज, असे त्याच्या मनात बसते. पुढे महाविद्यालयात हीच मुले आमच्यासमोर येतात. त्यांना ओहमचा नियम पाठ असतो, पण परिपथ कोठे तुटला हे शोधता येत नाही.

शिक्षक म्हणतील, वर्गात मुले साठ, तास मोजके, त्यात हे कोठे बसवायचे? अडचण खरी आहे. पण खर्च काय आहे? एक विद्युत घट, एक बल्ब आणि तीन तारा. त्यांतील एक तार वरच्या आवरणाला धक्का न लावता आतून तोडलेली. महिन्यातून एक तास असा 'बिघडलेला' प्रयोग द्यावा. प्रत्येक चाचणीपूर्वी विद्यार्थ्याने वहीत लिहावे: "असे झाले तर दोष येथे, तसे झाले तर तेथे." गुण बल्ब पेटल्याबद्दल देऊ नयेत, या ओळींबद्दल द्यावेत. नुसता बल्ब बदलत बसलेल्याला मग आपोआप कळेल की आपण काहीच विचारले नव्हते.

मित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे जण विमान दुरुस्त करतील. पण पंप, सायकल, रेडिओ आणि पुढे कदाचित माणसाचे शरीर, अडलेल्या गोष्टी तुमच्या वाट्याला येणारच आहेत. पुढच्या वेळी काटा हलला नाही तर हाक मारण्याआधी एकच तार बदलून पाहा, आणि काय झाले ते वहीत लिहा.